बारावा टोल

प्रिय मोठ्या बाई,

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तू आधी रागावली असशील आणि मग स्वतःच माझी बाजू घेऊन बसली असशील, की बिचारी एकटी पडलीय, कामात बुडाली असेल. तुझा स्वभाव मला नवा नाही. पण या खेपेला तू माझी बाजू घेऊ नकोस. वेळ नव्हता म्हणून नाही, धीर होत नव्हता म्हणून मी लिहिलं नाही. आज मुलं घरी गेल्यावर दार लोटून घेतलं आणि पहिलीच्या बाकावर येऊन बसले, कारण माझ्या खुर्चीचा पाय पुन्हा निखळलाय आणि सुतार सध्या माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही ते पुढे येईलच. गुडघे हनुवटीला टेकलेत, कागद मांडीवर ठेवला की उतार लागतो, म्हणून अक्षर असं घसरगुंडीवर बसल्यासारखं आलंय. तू लाल शाईनं गोल केले असतेस.

मी अजून धाकट्या बाईच आहे बरं का. सत्तावन्नावं लागलं, चष्म्याशिवाय पाढ्यांचं पुस्तक दिसत नाही, तरी मुलांच्या लेखी मी धाकटी ती धाकटीच. पहिलीतल्या नव्या पोरीनं एकदा विचारलं, मग मोठ्या बाई कुठायत? तर तिसरीतल्या शहाण्यानं तिला समजावलं, "त्या खूप मोठ्या झाल्या, म्हणून शहरात गेल्या." मी तोंड फिरवून फळा पुसत राहिले. हसत होते की काय करत होते, माझं मलाच कळलं नाही.

तुझी खोली आणि माझी खोली यांच्यामधला पडदा मी उन्हाळ्यानंतर लगेच काढून टाकला. शाळेच्या मंडळानं तुझ्या जागी कुणी पाठवलं नाही, पाठवणारही नव्हतं, ते आपल्याला तेव्हाच कळलं होतं. तुझ्याकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी, असं आपलं सव्वीस वर्षं चाललं. आता मी मधल्या उंबऱ्यावर उभी राहते. उजवीकडे वजाबाकी, डावीकडे ग्रहमाला. उजवीकडे कुणीतरी कुणाला चिमटा काढतं, मी तिकडे वळले की डावीकडे ग्रह फिरायचे थांबतात. दुपारपर्यंत घसा बसतो, पोटऱ्या दगड होतात. आधी संध्याकाळी घरी जाऊन निदान चहा तरी करून घ्यायचे. आता चपला काढते आणि तशीच पलंगावर पडते, छताकडे बघत. थकलेय गं. पूर्वी मी थकले म्हणायचे ते कौतुक करून घ्यायला. आताचं हे थकणं झोपेनंही जात नाही. सकाळी उठते तीच थकलेली.

हे सगळं मी माझा बचाव म्हणून लिहीत नाही. पण जे झालं ते त्या थकव्यातूनच झालं, म्हणून आधी सांगितलं.

हिवाळा संपता संपता मंडळाची एक नवी पाहणी करणारी मुलगी आली होती. चांगली होती, बुटांचा आवाज न करता चालणारी. हजेरी झाल्यावर मी व्हरांड्यात जाऊन शेजारच्या चर्चच्या घंटेचा दोर ओढला तेव्हा ती मनातल्या मनात मोजत होती. मग म्हणाली, बाई, इतके टोल कशासाठी? शाळा भरली हे सांगायला दोन पुरे की. मी तिला सांगितलं. आपल्या आधी कितीतरी वर्षांपूर्वी एक मूल शाळेला म्हणून घरून निघालं आणि वाटेत कालव्यात पडलं. घरच्यांना वाटलं शाळेत आहे, शाळेला वाटलं घरी आहे. संध्याकाळपर्यंत कुणी शोधलंच नाही. तेव्हाच्या पाळकांनी त्या आठवड्यात नियम घातला, की रोज हजेरी झाल्यावर जितकी मुलं वर्गात आहेत तितके टोल द्यायचे. शेतात, खाणीवर, रोपवाटिकेत, जो जिथे असेल तिथे हातातलं काम थांबवून मोजणार. कुणाचं मूल आजारी आहे हे गावाला ठाऊक असतंच. त्याशिवाय एक जरी टोल कमी पडला, तर बायका फावडं टाकून वाटेला लागणार. ती मुलगी ऐकत राहिली. जाताना म्हणाली, "किती सुंदर आहे हो हे." पण त्या दिवशी मी बारा टोल दिले होते आणि वर्गात मुलं अकरा होती. तिनं मुलं मोजली नव्हती. तिनं टोल मोजले आणि वही बघितली.

तुला ती बकरी आठवते का? आपला पट त्रेचाळीसचा होता तेव्हाची गोष्ट. पहिलीतल्या पोरांनी बकरी आत घेऊन मागच्या बाकावर बसवली होती. तू नेहमीसारखी चष्मा न लावता घाईघाईनं डोकी मोजलीस आणि चव्वेचाळीस टोल दिलेस. पाच मिनिटांत अर्धं गाव फाटकात. सुताराचे वडील तर हातात पटाशी घेऊनच आले, "जास्तीचं कोण आलंय आमच्या गावात?" बकरीनं तोवर तुझी छत्री खाल्ली होती. पाळक हसून हसून पायरीवर बसले. मी या वर्षात त्या दिवसाची फार वेळा आठवण काढली. एक टोल जास्त पडला तरी गाव धावत यायचं, असा तो काळ होता. या वर्षी मी रोज एक टोल जास्त देत होते आणि एक माणूस विचारायला आला नाही.

आले नाहीत, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बाराच्या खाली पट गेला की ते वर्ष संपताना शाळा बंद, हा मंडळाचा नियम गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. आणि गेल्या उन्हाळ्यात तू नातीला घेऊन मुलाकडे गेलीस तेव्हा पटावर बारा नावं होती, तिचं धरून. तू एसटीत चढताना म्हणालीस, "हिचा दाखला?" मी म्हणाले, मागाहून पाठवते. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. गाडी सुटेपर्यंत तू तुझ्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिलीस.

म्हणून मी रोज हजेरी घेताना तुझ्या नातीच्या नावापुढे हजर लिहायची. तिची जागा खिडकीजवळची, तिथे मी पुसणी आणि फूटपट्ट्या ठेवायची. पाळक आपल्या खोलीत बसून टोल मोजतात, रोजवहीत आकडा लिहितात आणि महिना संपला की ती वही मंडळाकडे जाते, म्हणून मग टोलही बाराच द्यावे लागायचे. पहिल्या दिवशी बारावा टोल देताना मी फाटकाकडे बघत होते. वाटलं, आता कुणीतरी येईल. सुतार रंधा मारत होता, त्याचा आवाज एक क्षण थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बस्, तेवढंच. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना त्यानं माझा हात हातात घेऊन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला. त्याची दोन मुलं आहेत आपल्याकडे. पाळकांच्या खिडकीतून तर अख्खं अंगण दिसतं, रोज मधल्या सुट्टीत अकरा मुलं धावतात ती दिसतात. मी एकदा धीर करून त्यांना काही सांगायला गेले, तर म्हणाले, "बाई, मी वहीत कानानं लिहितो. डोळ्यानं लिहिण्याची सवय नाही मला." त्यांनी असं म्हटल्यावर मला किती बरं वाटलं! घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

हळूहळू ते अंगवळणी पडलं. खोटं अंगवळणी पडलं याचं मला इतकं काही वाटत नाही, म्हणजे वाटतं, पण त्याहून वाईट पुढे झालं. मोजणंच सुटलं. अकरा आणि एक बारा, आजारी असेल तर दहा आणि एक अकरा, असा हिशेब पहिले काही महिने तरी मी डोक्यात ठेवायची. मग थंडीत एकेकाला खोकला झाला, कधी नऊ, कधी दहा, आणि त्यात मलाही ताप. तापातच वर्गावर येत होते. एक दिवस नकळत बारा दिले, वर्गात नऊ असताना. कुणी काही म्हटलं नाही. मग तेच सुरू झालं. हाताला बाराची सवय लागली. हजेरीची वही मिटायची, व्हरांड्यात जायचं, दोर धरायचा, डोळे मिटून बारा. खरं सांगू, दिवसातली तेवढीच एक मिनिटाची विश्रांती होती मला.

आता तुला त्या मंगळवारचं सांगते.

आमच्याकडे दुसरीत एक मुलगी आहे, तू तिला पहिलीत पाहिली आहेस. जागेवर म्हणून बसायची नाही, म्हणून आपण तिला चुळबुळ म्हणायचो. हल्ली सगळं गावच तिला त्या नावानं हाक मारतं. तिची आई रोपवाटिकेत कामाला जाते, बाप खाणीवर. त्या मंगळवारच्या आठवडाभर आधी आमचे खडू संपले होते, मंडळाकडून यायचे होते, तर ही पोरगी जुन्या चुनाभट्टीवरून पांढरी ढेकळं वेचून घेऊन आली. फळ्यावर छान उमटली. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. भट्टीकडे जायचं नाही, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. म्हणाले, शाब्बास, किती गं गुणाची.

त्या मंगळवारी हजेरीला तिनं ओ दिली नाही. मी मान वर करून तिच्या जागेकडे बघितलं, जागा रिकामी. आदल्या दिवशी ती शिंकत होती, तेव्हा म्हटलं सर्दी झाली असेल. गैरहजर अशी खूण केली. इथवर माझं काही चुकलं नाही, मोठ्या बाई, कारण पूर्वीही आपण असंच करायचो. पुढचं काम घंटा करायची. एक टोल कमी पडला असता, रोपवाटिकेत तिच्या आईनं मान वर केली असती, आणि दहा मिनिटांत ती वाटेवर असती. मी वही मिटली, व्हरांड्यात गेले, दोर धरला, डोळे मिटले आणि बारा टोल दिले.

मग आत येऊन वजाबाकी शिकवली. ग्रहमाला शिकवली. मधली सुट्टी झाली. पुन्हा एकदा सांगते, कारण हे मला स्वतःलाही पुन्हा पुन्हा ऐकवावं लागतं. मी दिवसभर शिकवत होते.

तीन वाजता शाळा सुटली, साडेतीनला तिची आई कामावरून परतली, आणि पावणेचारला ती फाटकात उभी. तिचा प्रश्न साधाच होता, "बाई, हिला थांबवून घेतलंय का?" मी म्हटलं, अगं, ती आलीच नव्हती आज. ती म्हणाली, "असं कसं? मी बारा मोजले." मग तिचे डोळे माझ्यावरून घंटेकडे गेले आणि पुन्हा माझ्याकडे आले. तिलाही सगळ्या गावासारखं ठाऊक होतंच की त्यातला एक टोल खोटा आहे. पण एकच खोटा आहे, बाकीचे अकरा खरे आहेत, एवढ्यावर तिनं विश्वास टाकला होता. त्या वेळचं तिचं ते बघणं मी मरेपर्यंत विसरायची नाही.

चुळबुळ भट्टीच्या खड्ड्यात सापडली. कडेचा दगड सुटून ती आत घसरली होती, दोन पुरुष खोल. पाय मोडलेला, ओरडून ओरडून आवाज गेलेला, खिशात चुन्याची ढेकळं. सुतारानं शिडी आणली आणि तोच खाली उतरला. सकाळी साडेआठपासून चार वाजून गेले तोवर ती तिथे होती. जिवंत आहे. ठीक आहे. मांडीपर्यंत प्लास्टर आहे, डॉक्टर म्हणतात हाड सरळ जुळेल, पावसाळ्यापर्यंत पळायला लागेल. हे मी आधी सांगायला हवं होतं, तुझा जीव टांगणीला लागला असेल. पण माझाही लागला होता, म्हणून ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मी तिला बघायला गेले. तिच्या आईनं मला आत घेतलं, स्टूल दिलं, पाणी दिलं. एक शब्द वावगा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पोरगी उशीला टेकून बसली होती, प्लास्टरवर तिनं पेनानं शून्यं काढली होती. मी म्हटलं, फार भीती वाटली का गं? तर ती म्हणाली, आधी नाही वाटली. घंटा व्हायची वाट बघत होते. घंटा झाली की आईला कळेल आणि ती येईल. मग घंटा झाली, मी मोजली. "बाई, मी नव्हते तरी बारा झाले. मग मला कळलं की आता कुणी येणार नाही. मग मी रडले." तिनं ते तक्रार म्हणून नाही सांगितलं. गणित सोडवून दाखवावं तसं सांगितलं. आणि वर मलाच विचारलं, "बरोबर मोजले ना?"

मी म्हटलं, हो, अगदी बरोबर. उत्तर बरोबर आलं की आपण पाठीवर हात ठेवतो ना, तसा तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर आले. पुढच्या वळणावर दगडावर बसले ती किती वेळ बसले माहीत नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर लोक मागे थांबले. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी हे थांबवणार आहे, मंडळाला कळवणार आहे. तुला वाटेल लोक माझ्यावर चिडले असतील. चिडले, पण उलट्या बाजूनं. सुतार म्हणाला, "बाई, मुलगी वाचली ना? मग आता एवढंच करा, अकरा खरे मोजा आणि वर एक द्या. एका टोलानं कुणाचं काय बिघडतंय?" खरं आहे त्याचं. शाळा बंद झाली तर त्याच्या सहा वर्षांच्या धाकट्याला पहाटे उठून घाटापलीकडच्या मोठ्या शाळेची गाडी धरावी लागेल, एका वर्गात पन्नास मुलं. चुळबुळीची आईसुद्धा म्हणाली, जाऊ द्या बाई, तिच्या पाठचा आहे घरी, तो कुठे जाईल? सगळे तेच म्हणत होते. कुणी मला दोष देईना. शेवटी मीच म्हटलं, की मी अकरा मोजून वर एक देईन, पण तुम्ही कामावर असताना ऐकाल तेव्हा तुम्हाला कळणार आहे का, यातला खोटा कोणता? सुतार उठून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, आणि मला त्याचा रागही येत नाही. त्यानं शिडी लावली होती, मी नाही.

सोमवारी सकाळी हजेरी घेतली. दहा मुलं. चुळबुळ प्लास्टरमध्ये घरी. मी दोर धरला, या वेळी डोळे उघडे ठेवले आणि खिडकीतून एकेक डोकं बघत एकेक टोल दिला. दहावा झाल्यावर हात आपोआप वर निघाला होता, तो दोरासकट घट्ट धरून ठेवला. घंटा वरून ओढत होती. रंध्याचा आवाज थांबला तो बराच वेळ सुरू झाला नाही. पाळकांच्या खिडकीत ते उभे दिसले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. दुपारी मी गेले तर वहीत दहा लिहिलेलं होतं आणि खाली मंडळाला लिहायच्या पत्राचा मसुदा. मला म्हणाले, सही तुमच्या आधी माझी असेल. आपले पाळक आता फार म्हातारे झालेत गं. जिना चढताना दोनदा थांबतात.

आता तुझ्या तिसऱ्या पत्राचं. ते गेल्या महिन्यात आलं, आणि मी ते वाचून हजेरीच्या वहीत ठेवून दिलं होतं, रोज दिसेल असं. तिथल्या शाळेनं दाखल्याशिवाय तुझ्या नातीला नुसतं बसू दिलंय. तिथल्या बाईंनी तिचं नाव हजेरीत सगळ्यांत शेवटी पेन्सिलीनं लिहिलंय, आणि कधी कधी त्या ते वाचायलाच विसरतात. तिनं तुला विचारलं, "आजी, मी या शाळेत आहे का?" तू मला हे अगदी सहज लिहिलंस, गुडघ्यांच्या आणि मुलाच्या नोकरीच्या गप्पांत घालून, म्हणजे मला लागू नये. आणि शेवटी लिहिलंस, दाखल्यावर तारीख हवी तर याच महिन्याची टाक, म्हणजे तुझं हे वर्ष तरी निभेल. तुझ्या नातीचं वर्ष वाया जात होतं आणि तू माझं निभावायला बघत होतीस. मी ते वाचलं तेव्हा भट्टीचा मंगळवार अजून यायचा होता. तरी मी उत्तर दिलं नाही. मी ते पत्र वहीत ठेवलं, आणि त्याच पानावर तुझ्या नातीच्या नावापुढे हजर लिहिलं. जिथे ती नव्हती तिथे तिला वर्षभर बसवून ठेवली, आणि जिथे होती तिथे तिला बसू दिलं नाही. मला माफ कर, असं म्हणायलाही मला तोंड नाही. तरी म्हणते, मला माफ कर.

या पत्राबरोबर तिचा दाखला आहे. वेगळ्या जाड कागदात घातलाय, घडी पडू नये म्हणून. तारीख खरी टाकली आहे, तुम्ही दोघी गाडीत बसलात त्या दिवसाची, म्हणजे या वर्षी पट पहिल्या दिवसापासून अकराच होता हे आता मंडळालाही दिसेल. शाळा उन्हाळ्यानंतर उघडणार नाही. मुलांना मी अजून सांगितलेलं नाही, उद्या सांगेन, हजेरीनंतर. वर्तणूक या रकान्यात चांगली असं लिहितात, मी फार चांगली असं लिहिलंय, ते खोडू देऊ नकोस. तू पाकीट मुलाच्या हाती देऊ नकोस, गुडघे दुखले तरी स्वतः जा. तिथल्या बाईंना सांग की नाव शाईनं लिहा, आणि त्या लिहीत असतील तेव्हा तिला तिथे उभी कर, म्हणजे तिला बघता येईल.

तुझीच,
धाकट्या बाई